बाग सगळ्यांची, आणि दार?

मैत्रिणींनो, एखादं शहर आपल्याला का आवडतं हो? आपण चार दिवस कुठे जाऊन येतो आणि घरी आल्यावर शेजारणीला सांगतो, काय छान गाव आहे म्हणून. पण छान म्हणजे नेमकं काय? मोठे रस्ते? दुकानं? की आणखी काही?

हा प्रश्न मला पडला बडोद्यात, कमाटीबागेत भेळ खाताना. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नणंद बडोद्याची, तेव्हा खरेदीच्या निमित्ताने आठ दिवस तिच्याकडे मुक्काम झाला. पहिल्या दिवशी लक्ष्मी विलास राजवाडा पाहिला. डोळे दिपले, पाय दुखले, फोटो काढून झाले. पण खरं सांगू? राजवाड्यात मला सारखं वाटत होतं की आपण दुसऱ्याच्या घरात आलोय. चप्पल कुठे ठेवू, हात कुठे लावू नको, असं. संध्याकाळी नणंद म्हणाली, चल, बागेत जाऊ. आणि तिथे मात्र जीव रमला. मोठमोठी झाडं, डबे उघडून बसलेली कुटुंबं, पुस्तकात डोकं घालून बसलेली कॉलेजची पोरं, गवतावर आडवा झालेला एखादा थकलेला मजूर. कुणी कुणाला ऊठ म्हणत नव्हतं. परगावची मी, पण तासाभरात मला ती बाग आपली वाटायला लागली.

ही बाग ज्यांच्या नावाने सयाजीबाग म्हणून ओळखली जाते, त्या सयाजीराव महाराजांबद्दल मला काय ठाऊक होतं? शाळेच्या पुस्तकातला एक परिच्छेद, आणि बी. ए. ला इतिहासाच्या पेपरात लिहिलेली एक टीप. घरी परतल्यावर वाचनालयातून त्यांची चरित्रं आणली. दुपारची कामं आटोपली की वाचत बसायची. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. आणि शेवटी माझ्या स्वतःच्या घरातली एक गोष्ट, जी सांगायला मला थोडी लाज वाटते.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीराव जन्माने राजपुत्र नव्हते. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं खेडं आहे. तिथल्या काशीराव गायकवाडांच्या शेतकरी घरात ११ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. आईचं नाव उमाबाई, मुलाचं नाव गोपाळ. बडोद्याच्या राजघराण्याशी दूरचं भाऊबंदकीचं नातं होतं, एवढंच. गोपाळ गुरं राखायचा, शेतात हुंदडायचा. बाराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

इकडे बडोद्यात खंडेराव महाराज १८७० साली वारले. मागून गादीवर आलेल्या मल्हाररावांना इंग्रज सरकारने १८७५ मध्ये पदच्युत केलं. आता गादीवर कोण? तेव्हा खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. जमनाबाई तेव्हा अवघ्या बाविशीच्या आसपास होत्या. त्यांच्यासमोर कवळाण्याहून तीन भाऊ आणले गेले. असं सांगतात की, इथे कशासाठी आलास असं विचारल्यावर मधल्या गोपाळने बेधडक सांगितलं की राज्य करायला आलोय. खरं-खोटं देव जाणे, पण २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

मला इथे त्या बाविशीतल्या विधवेचं कौतुक वाटतं. ज्या काळात विधवेला घराच्या कोपऱ्यात बसवत, त्या काळात तिने एक अशिक्षित खेड्यातला पोरगा निवडला आणि त्याला शिकवायचं ठरवलं. आणि त्या पोराचंही कौतुक वाटतं. बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा, शिवाय घोडेस्वारी आणि कुस्ती. इंग्रज शिक्षक इलियट आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाताखाली त्याची सहा वर्षं घासाघाशी झाली. २८ डिसेंबर १८८१ ला महाराजांच्या हाती पूर्ण कारभार आला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

आधी पाणी

कमाटीबाग त्याआधीची, १८७९ ची, म्हणजे माधवरावांच्या कारभारातली. विश्वामित्री नदीच्या काठची शंभराहून जास्त एकर जागा. पुढे याच बागेत महाराजांनी वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी केली, ती १८९४ मध्ये पूर्ण झाली. आपल्याकडच्या गावातला माणूस कधी परदेशी जाणार नाही, तर परदेश त्याच्याकडे आणावा, असा काहीसा विचार असावा. तिथे इजिप्तची ममीसुद्धा आहे. माझ्या भाचरांना राजवाड्यापेक्षा तीच जास्त आठवते.

पण बाग, राजवाडा, संग्रहालय हे सगळं पाहुण्यांच्या डोळ्यात भरणारं. घरच्या माणसाला शहर कशाने आवडतं? आपल्याला तरी विचारा. सकाळी नळाला पाणी आलं की निम्मं गाव सुखी! बडोद्याचं पाणी तेव्हा विहिरी आणि तलावांचं. पटकी, हगवण पाचवीला पुजलेली. महाराजांनी शहरापासून वीसेक किलोमीटरवर आजव्याचा मोठा तलाव बांधून घेतला. त्याला सयाजी सरोवर म्हणतात. हे काम कुणा साहेबाने नाही, तर जगन्नाथ सदाशिवजी या आपल्याच माणसाने केलं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पाणी नळाने शहरात आलं. आजही बडोद्याच्या काही भागाला तिथलं पाणी येतं. नणंदेच्या सासूबाई सांगत होत्या की त्यांच्या आजेसासूबाईंना ‘आजव्याचं पाणी’ म्हणजे देवाचं तीर्थ वाटायचं. डोक्यावर हंडा घेऊन जिने चढलेल्या बाईलाच ते कळणार.

याच काळात महाराजांच्या घरात मात्र दुःख होतं. तंजावरच्या मोहिते घराण्यातली त्यांची पहिली पत्नी चिमणाबाई. लग्नाला पाच वर्षं झाली आणि १८८५ मध्ये त्या क्षयाने गेल्या. त्यांच्या आठवणीसाठी रावपुऱ्यात घड्याळाचा मनोरा आहे आणि मोठी न्यायमंदिराची इमारतही त्यांच्याच नावाने. आपल्या माणसाची आठवण म्हणून लोकांच्या उपयोगाची वास्तू बांधावी, ही रीत मला फार आवडली. दत्तक वडील खंडेराव यांच्या नावाने तर त्यांनी मंडईची देखणी इमारत उभी केली. भाजी घ्यायला गेलं तरी माणूस मान वर करून बघतो!

पुस्तकांची पेटी

जो स्वतः बाराव्या वर्षी अक्षर शिकला, त्याला अक्षराची किंमत कळणारच. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात तो लागू झाला. मुलींनाही. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असं काही नव्हतं. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीत शाळा सुरू झाली, १८९० मध्ये हातकामाचं आणि तंत्राचं शिक्षण देणारं कलाभवन. आपले दादासाहेब फाळके या कलाभवनात शिकले. राजा रविवर्म्याने पौराणिक चित्रं काढली तीही महाराजांसाठी. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. म्हणजे ज्याला शिकायचंय, गायचंय, धंदा करायचाय, त्याने या शहरात यावं असं वातावरण तयार झालं. दूरदूरची गुणी माणसं आली आणि राहिली. राजा मराठी, पण प्रजा गुजराती म्हणून कारभाराची भाषा गुजराती ठेवली. त्यामुळे शहरात परकेपणा उरला नाही. आजही तिथल्या जुन्या वस्त्यांत दोन्ही भाषा कानावर पडतात.

महाराजांची प्रकृती तशी नाजूक, झोप लागायची नाही. त्या निमित्ताने १८८७ पासून त्यांच्या परदेशवाऱ्या सुरू झाल्या. टीकाही खूप झाली. पण आपण सहलीहून चादरी आणि खाऊ आणतो, तसे ते कल्पना आणायचे. अमेरिकेतली वाचनालयं पाहिली आणि १९१० मध्ये तिथल्या बॉर्डन नावाच्या ग्रंथपालालाच बडोद्याला आणलं. राजवाड्यातली स्वतःची हजारो पुस्तकं लोकांसाठी देऊन टाकली. बडोद्याच्या मध्यवर्ती वाचनालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, उजेड खालपर्यंत यावा म्हणून. तिथे मुलांसाठी चित्रांची आणि खेळांची वेगळी खोली होती आणि बायकांसाठी वेगळा विभाग, त्यावर बाईच प्रमुख. ज्या बाईला पुरुषांमध्ये जाऊन बसायचा संकोच, तिच्यासाठी ही सोय. आणि जी शहरात येऊच शकत नाही, तिच्या गावाला पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जायची. फिरतं वाचनालय! नेण्या-आणण्याचा खर्चही संस्थानचा. मी हे वाचलं तेव्हा आमच्या महिला मंडळाच्या कपाटातली कुलूपबंद पुस्तकं डोळ्यापुढे आली.

दुसऱ्या पत्नी, देवासच्या घाटगे घराण्यातल्या. त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. या बाईसाहेब फार धीराच्या. महाराजांनी त्यांना शिकवलं, बरोबर परदेशी नेलं. पुढे त्या पडदा सोडून जाहीर समारंभात महाराजांच्या शेजारी बसल्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, १९११ साली. गरजू बायकांना हाताला काम शिकवणारं स्त्री उद्योगालय बडोद्यात त्यांच्या नावाने निघालं. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्षा याच. महाराजांनीही १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा आणि १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. देशात हे कायदे यायला किती वर्षं लागली, तुम्हाला ठाऊक आहेच.

जे शहराला जमलं नाही

आता पुढचं सांगते. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी महाराजांनी कारभार हाती आल्याबरोबर शाळा काढल्या. पण त्या शाळांत शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात. हुकूम राजाचा, पण मन लोकांचं. तरी ते थांबले नाहीत. भीमराव आंबेडकर नावाच्या हुशार तरुणाला मुंबईत बी. ए. करायला त्यांनी मदत दिली. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जायला शिष्यवृत्ती दिली. अट एकच. परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची.

१९१७ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेब ठरल्याप्रमाणे बडोद्याला आले. अमेरिका आणि लंडन पाहून आलेला, एवढा शिकलेला सव्वीस वर्षांचा तरुण. आणि त्याला राहायला खोली मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत जात विचारणार. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत, पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानात, कंदिलाच्या उजेडात. कचेरीतही वागणूक अशी की शिपाई कागद दुरून टाकायचे. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, पण त्याचा निर्णय काही होईना. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा लोक वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून बजावून गेले. ओळखीच्या दोघांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरच्यांची अडचण पुढे केली.

मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंत जायचं कुठे? ते कमाटीबागेत जाऊन बसले. हे सगळं त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. आठवण आली की डोळ्यांत पाणी यायचं, हेही लिहिलं आहे. ते जिथे बसले त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे माणसांची रीघ लागते.

मैत्रिणींनो, त्याच बागेत मी मजेत भेळ खाल्ली होती.

बघा ना, काय नव्हतं त्या शहरात? नळाचं पाणी होतं, वाचनालय होतं, संग्रहालय होतं, कॉलेज होतं. राजा स्वतः त्या तरुणाच्या पाठीशी होता. आणि एक खोली नव्हती. राजा बाग बांधू शकतो, तलाव बांधू शकतो. पण शहर नुसतं राजाचं नसतं, ते घरमालकाचं असतं, खाणावळवाल्याचं असतं, घरच्या अडचणी सांगणाऱ्या ओळखीच्यांचं असतं. बडोद्याने स्वतः खर्च करून शिकवलेला माणूस बडोद्याला ठेवता आला नाही. नुकसान कुणाचं झालं?

पुढे महाराजांच्याही आयुष्यात खूप पडझड झाली. तरणीताठी मुलं एकामागून एक डोळ्यांदेखत गेली. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे पुरेसे वाकले नाहीत म्हणून इंग्रजांचा रोष झाला. पण काम चालू राहिलं. ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्रेसष्ट वर्षांहून जास्त काळ ते गादीवर होते. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोद्यात त्यांच्या नावाने विद्यापीठ उभं राहिलं.

आमची वरची खोली

आता माझी गोष्ट. आमचं गाव तालुक्याचं. नगरपालिकेने बाग केली आहे, तळ्याकाठी बाकं टाकली आहेत. बाहेरून पाहुणे आले की आम्ही कौतुकाने दाखवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळात एक तरुण परिचारिका आली. नव्याने बदली होऊन आलेली, एकटी. खोली भाड्याने हवी होती. फोनवर सगळे हो म्हणायचे, समोर गेली की आधी आडनाव, मग मांसाहार करता का, आणि मग पाहुणे येणार आहेत, रंग द्यायचाय, अशी कारणं. मी मंडळातर्फे चार ठिकाणी शब्द टाकला. घरमालकांवर रागावलेसुद्धा.

पण आमच्या घराची वरची खोली तेव्हा रिकामीच होती. ती मी तिला दाखवली नाही. सासूबाईंना चालणार नाही, यांना विचारायला हवं, शेजारचे काय म्हणतील, असं मनाशी घोळवत राहिले. आणि खरं तेच सांगायचं तर, ती मंडळात आली तेव्हा पाणी विचारायच्या आधी मीही तिचं आडनावच विचारलं होतं. सवयीने. ती दोन-अडीच महिने रोज दीड तास एसटीने ये-जा करत राहिली. रात्रपाळी असली की दवाखान्यातच बाकावर झोपायची. मग तिने बदली मागून घेतली आणि गेली.

हे सगळं माझ्या बडोद्याला जाण्याच्या आधीचं. ते पुस्तक वाचताना, घरच्यांची अडचण सांगणाऱ्या त्या दोन ओळखीच्यांपाशी मी अडकले, ती याचसाठी. ते मला अगदी ओळखीचे वाटले.

त्या रात्री यांच्याशी बोलले. हे म्हणाले, मला तेव्हा विचारायचंस तरी! सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, खोली झाडून तरी घे, जाळी लागलीत. आता आमच्या मंडळाच्या फळ्यावर एक यादी लावली आहे. नोकरीनिमित्त आलेल्या एकट्या बाईला आडनाव न विचारता खोली देणारी घरं. पहिलं नाव आमचं आहे. खाली अजून दोनच नावं आली आहेत. दोनच, पण आली आहेत. वरच्या खोलीत गेल्या जूनपासून एक शिक्षिका राहते. त्या पहिल्या मुलीला मी फोन केला होता. ती तिकडे सुखात आहे, पण आमच्या गावाबद्दल तिने काही चौकशी केली नाही. मीही फार ताणलं नाही.

आपल्या गावात बाग हवी, पाणी हवं, वाचनालय हवं. त्यासाठी नगरपालिकेकडे भांडायलाच हवं, आणि आपण बायकाच ते नेटाने करतो. पण गावात नवीन आलेल्या माणसाला ते गाव आवडतं की नाही, हे बऱ्याचदा आपल्या उंबऱ्यावर ठरतं. तुमच्या गावात अशी यादी निघाली तर तिच्यात तुमचं नाव असेल का? आज दुपारी थोडी सवड काढून, घरात कुणाशी तरी हे बोलून बघा.